गणूजवळ कोण होतं

दीप्ती कागद घेऊन आली तेव्हा जयराम रोकडे ओटीवर बसून भाताच्या पोत्याचं तोंड शिवत होता. झोडणी उरकून चार दिवस झाले होते, आणि टोकावड्यात ज्याच्या त्याच्या अंगणात पेंढ्याची उडवी उभी राहिली होती.

"बाबा, दाभण खाली ठेवा आधी," ती म्हणाली. "बघा, काय मिळालंय."

प्लास्टिकच्या पाकिटात पिवळा पडलेला स्टॅम्पपेपर होता, घड्यांवर चिरलेला. जयरामला चष्मा लागला नाही. चौऱ्याहत्तर साली केलेल्या त्या प्रतिज्ञापत्राच्या तळाला आपली सही कुठे आहे आणि रोकडेतल्या 'ड'ला शाई कशी फुटली आहे, हे त्याला पन्नास वर्षं पाठ होतं.

"जनीमावशींच्या ट्रंकेत होता. स्वतः काढून दिला त्यांनी. म्हणाल्या, हा लाव त्याच्या फोटोखाली." दीप्तीचा चेहरा फुलला होता. "लढाईत गणूकाका तुमच्या मांडीवर गेले हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

जयरामनं दाभण पोत्यात खुपसलं ते बोटात गेलं. त्यानं बोट तोंडात घातलं, म्हणजे बोलायला नको.

दीप्ती मुरबाडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. दोन वर्षांपासून तिनं एकच ध्यास घेतला होता. शहापूर आणि मुरबाड, या दोन तालुक्यांतले जे जवान लढाईत शत्रूच्या हाती सापडले, त्यांचं एक छोटं संग्रहालय व्हावं. हुतात्म्यांचे चौथरे गावोगाव होते, पण कैद झालेल्यांचं नाव कोणी घेत नव्हतं. घरचेसुद्धा दबकून बोलायचे, जणू त्यांनी काही चोरलं होतं. फिरून फिरून तिनं नऊ जण शोधले. चौघे दुसऱ्या महायुद्धातले, सिंगापूरला आणि आफ्रिकेत पकडलेले. पाच जण एकाहत्तरचे. त्या नवांतला जिवंत असा एकटा तिचा बाप. मुरबाडला वापराविना पडलेली जुन्या दवाखान्याची तीन खोल्यांची इमारत मिळाली, माजी सैनिकांनी हातभार लावला. उद्घाटन एक डिसेंबरला ठरलं. बाहत्तर साली त्याच तारखेला जयराम वाघा सरहद्द ओलांडून पाकिस्तानातून परत आला होता.

"फीत जनीमावशी कापणार, गणूकाकांची पत्नी म्हणून," दीप्ती म्हणाली. "आणि तुम्ही चार शब्द बोलायचे. नाही म्हणू नका हां."

एक तारखेला पंधरा दिवस राहिले होते.

त्या दिवसापासून जयरामच्या घशाखाली घास उतरेना. भाकरीचा तुकडा तोंडात फिरत राहायचा. शालननं, त्याच्या बायकोनं, आधी पित्त समजून कोकम दिलं, मग दवाखान्यात चला म्हणून मागं लागली. तो उठून सडकेवर जायचा, माळशेजकडे जाणाऱ्या गाड्या बघत थांब्यावर उभा राहायचा आणि कुठल्याच गाडीत न चढता परत यायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोरून जाताना मान खाली घालायचा.

"भाषणाची भीती वाटतेय का तुमाला?" शालननं विचारलं.

"हो," तो म्हणाला. तेही खोटंच होतं.

मंगळवारी दीप्ती त्याला मुरबाडला घेऊन गेली. फलकांवरच्या तारखा आणि गावांची नावं त्यानं एकदा नजरेखालून घालावीत, अशी तिची इच्छा होती. इमारतीत रंगाचा वास भरला होता. पहिल्या खोलीत महायुद्धवाल्यांचे फोटो लागले होते. मधल्या खोलीत एकाहत्तरचे पाच जण. जयराम आत शिरला आणि समोरच्या भिंतीवर गणू दिसला.

लग्नातला फोटो मोठा करून लावला होता. डोक्याला मुंडावळ्या, वर आलेले कान, आणि हसू दाबल्यामुळे फुगलेले गाल. वय एकवीस. जयराम आता पंच्याहत्तरचा होता.

दीप्तीनं फलक मोठ्यानं वाचला. "शिपाई गणू धाकू निमसे. राहणार वाशिंदजवळ, तालुका शहापूर. पाच डिसेंबर एकोणीसशे एकाहत्तर रोजी पश्चिम आघाडीवर जखमी अवस्थेत कैद. त्याच दिवशी सहकारी जयराम रोकडे यांच्या मांडीवर त्यांनी प्राण सोडला." तिनं पेनाचं टोपण काढलं. "खाली दोन ओळींची जागा ठेवलीय, बाबा. शेवटी काय बोलले ते? एक वाक्य जरी आठवलं तरी पुरे."

जयरामनं फोटोवरची नजर काढली.

"आठवत नाही का?"

"दीप्ती, मी नव्हतो तिथं."

"कुठं?"

"तो मेला तिथं. मेला का नाय तेच मला ठाऊक नाय. मी नव्हतो."

बाहेर वायरमन ड्रिल चालवत होता. दीप्तीनं जाऊन त्याला चहाला पाठवलं, दार लोटलं आणि पॅकिंगच्या पुठ्ठ्यांवर बापासमोर येऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता. "नीट सांगा," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. चौकी पहाटे पडली. गणूच्या मांडीत आणि पोटाच्या कडेला तुकडे घुसले होते. उजेड झाल्यावर सगळ्यांना एका वीटभट्टीपाशी नेऊन बसवलं. जखमींना वेगळ्या ट्रकमध्ये चढवायला लागले. गणूचा उजवा पाय बुटात सुजून टम्म झाला होता. तो ओरडला, जयराम, माझी नाडी सोड. जयराम वाकला. एक गाठ सुटली, तेवढ्यात पहारेकऱ्यानं त्याला दांड्यानं मागं ढकललं. ट्रकला मागचा फाळका नव्हता, आतलं दिसत होतं. ट्रक वळला तेव्हा गणू आडवा होता, पण मान वर करून बघत होता.

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर काय नाय. एक वर्ष मी कॅम्पात होतो. रोज दोनदा गिनती व्हायची. नवीन मानसं आली की मी तोंडं बघायचो. आठ महिने बघितली, मग सोडून दिलं. रेडक्रॉसवाले आले त्यांना नाव सांगितलं. त्यांच्या यादीत नव्हतं."

"परत आल्यावर लष्कराला काय सांगितलंत?"

"हेच. ट्रकात चढवताना पाह्यला. त्यांनी बेपत्ता लिहिला."

"मग हा कागद?"

त्र्याहत्तरच्या जानेवारीत सुट्टीवर आल्यावर तो पहिल्यांदा गणूच्या घरी गेला होता. जनी दारात उभी होती. वीस-एकवीस वर्षांची पोर, लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेलेली. तिनं एकच विचारलं होतं, जवळ कोनी होतं का? आणि तिच्या तोंडाकडे बघून याच्या तोंडून गेलं, मी होतो. मग सासऱ्यानं विचारलं, पाणी पाजलं का? पाजलं. डोकं कुठं होतं? माझ्या मांडीवर.

"मला वाटलं, तेवढ्यावर संपंल," तो म्हणाला. "चौऱ्याहत्तर साली गणूचा बाप आपल्या घरी आला. म्हातारा दहा कोस चालत आला होता. तवा त्यांची मानसं आपल्या वस्तीत पाय ठेवत नसत. तो आत आला, सतरंजीवर बसला, आईच्या हातचं पाणी प्याला. म्हनाला, पोरीचं वय जातंय, धाकट्याशी, अनंताशी, लग्न लावून द्यायचंय. पन बेपत्ता म्हंजे मेला नव्हं. तू पाह्यलंस, तेवढं कागदावर दे. आता त्याला मी काय सांगायचं होतं? खोटं बोललो म्हनून? पाण्याचा तांब्या त्याच्या हातात होता."

शहापूरला जाऊन त्यानं सही केली. जनीचं लग्न झालं. पाच वर्षांनी अनंतापासून मुलगा झाला, दीपेश. त्यानंतर जयराम कधी वाशिंदच्या बाजूला फिरकला नव्हता.

दीप्ती उठली, खोलीत फिरली, पुन्हा बसली. वीस वर्षं ती पोरांना शिकवत आली होती की पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. "म्हणजे ते गेले हे कोणालाच माहीत नाही."

"जखम मोठी होती. वाचला नसंल."

"हे तुम्हाला माहीत आहे की वाटतंय?"

"वाटतंय," जयराम म्हणाला.

गणूचा फलक तिनं फोटोसकट उतरवला आणि शुद्धलेखनाच्या चुका आहेत म्हणून बाजूला ठेवल्याचं वायरमनला सांगितलं. घरी परतल्यावर दारात तिनं बापाचा दंड धरला. "एक तारीख जाऊ दे, बाबा. फलक साधा करते. कैद झाले, परत आले नाहीत, एवढंच लिहिते. मावशींना नंतर सावकाश सांगू."

"नंतर कधी?"

ती चपला काढून आत गेली. जयरामनंही पुढं विचारलं नाही. नंतर हा शब्द त्याला हवाच होता. तो रात्री झोपलासुद्धा.

गुरुवारी सकाळी दीप्तीचा फोन वाजला. ती केस विंचरत होती म्हणून तिनं स्पीकर लावला. पलीकडून जनीचा मोठा, खणखणीत आवाज आला. उद्घाटनाला किती वाजता निघायचं, दीपेशच्या कंपनीतून सुट्टी घ्यायची का, सगळं विचारून झालं. मग तिचा आवाज खाली आला.

"दीप्ती, येक काम कर गो. तुज्या बापाला इचार, गनूनं माझं नाव घेतलं होतं काय शेवटी. तवा मला इचारायची लाज वाटली. सासरा बसला होता समोर. आता कोन हाय लाजायला? अनंता बी गेला. इचारशील ना?"

जयराम चुलीपाशी पाणी तापायची वाट बघत होता. त्याला सगळं ऐकू आलं. दीप्तीनं त्याच्याकडे बघितलं आणि फोनवर म्हणाली, "मावशी, उद्या आम्ही दोघं येतोय तुमच्याकडे."

"या की! भाऊ येतायत? किती वर्सांनी!"

फोन ठेवल्यावर शालन आतून आली. काय चाललंय ते तिला दोन दिवसांपासून उमजत नव्हतं. जयरामनं थोडक्यात सांगितलं. ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "मला बी तेच सांगितलं होतं तुमी. मांडीवर गेला म्हनून. आपलं लगीन झाल्यावर." एवढं बोलून ती आत गेली.

टोकावड्याहून एसटीनं सरळगाव, तिथून जीपनं किन्हवलीवरून शहापूर, मग वाशिंद. वाटेभर जयरामच्या मनात एकच चालू होतं. पहिलं वाक्य कुठलं असावं? वहिनी, मला माफ करा. नको. वहिनी, मी जे सांगितलं होतं ते. नको. जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेला एक माणूस दोनदा म्हणाला, बाबा, बरं वाटत नाय का, खिडकीत बसा.

जनीचं घर स्लॅबचं होतं. कधीकाळी भाताची खाचरं होती तिथं मागं चार मजली इमारती उठल्या होत्या. जनी बाहत्तर वर्षांची, काटक, कानावरून पदर घेतलेली. तिनं कांदेपोहे केले होते. दीपेश पहिली पाळी करून नुकताच आला होता, कंपनीचा शर्टही बदलला नव्हता.

"पह्यलं खा," जनी म्हणाली.

"वहिनी, खाल्ल्यावर मला बोलता यायचं नाय," जयराम म्हणाला, आणि उभ्यानंच सांगून टाकलं. जीपमध्ये जुळवलेलं एकही वाक्य त्यात आलं नाही. वीटभट्टी, ट्रक, बुटाची नाडी, कॅम्प, यादी. मग दारातला तो प्रश्न आणि त्याचं उत्तर.

जनी ऐकत होती. तिच्या हातात पोह्यांची बशी तशीच होती. तो थांबला तेव्हा तिनं विचारलं, "टरकात घातला तवा तो बोलत होता?"

"हो."

"म्हंजे जित्ता होता."

"हो."

"आन तुमी मला सांगितलं, मेला."

जयरामनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मग माझं लगीन कसलं ते?" जनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "नवरा जित्ता असताना मी दिराच्या नावानं कुंकू लावलं?"

"आई," दीपेश उठला. "आई, असं काय बोलतेस?"

तिनं बशी खाली ठेवली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज बाहेर आला.

दीपेश जयरामच्या इतका जवळ येऊन उभा राहिला की दीप्तीला वाटलं, हा आता हात टाकतो. "तुमाला आताच बरं सुचलं," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पन्नास वर्सं तोंड शिवलं होतंत ना, तसंच मरायचं होतं. माझा बाप कोन होता मग? माझ्या बापाची काय चूक? मुजियम करायला निघालेत. जा इथनं. आन एक तारखेला आमी कोनी येनार नाय. तो फोटो बी लावायचा नाय."

दोघं बाहेर पडली. मागं आतल्या खोलीतून काही आवाज येत नव्हता. रडण्याचासुद्धा नाही, आणि त्याचीच जयरामला जास्त भीती वाटली.

पुढचे पाच दिवस त्या भीतीनं घर व्यापलं. दीप्ती रोज वाशिंदला फोन लावायची, कोणी उचलत नव्हतं. म्हातारीनं जिवाचं काही बरंवाईट केलं तर? जयरामच्या डोक्यातून हा विचार जाईना. सडकेवरून मोटारसायकल वळली की त्याला वाटायचं, निरोप आला. त्याचा रक्तदाब वाढला, डॉक्टरनं गोळी बदलली. दीप्तीनं संग्रहालयाच्या समितीपुढं खरं काय ते सांगितलं, तेव्हा एक माजी हवालदार म्हणाले की हा फलकच काढून टाका, नऊऐवजी आठ ठेवा, कुणाला काय कळतंय. दुसरे म्हणाले, उद्घाटन पुढं ढकला. शेवटी गणूची जागा रिकामी ठेवायची, एवढंच ठरलं.

गुरुवारी दुपारी जयराम दीप्तीबरोबर संग्रहालयात काचेच्या पेट्या पुसत होता. आपला कॅम्पातला ॲल्युमिनियमचा मग त्यानं पेटीत नीट ठेवला आणि मान वर केली, तर दारात जनी उभी होती. एकटी. हातात कापडी पिशवी, पायांवर प्रवासाची धूळ.

"वहिनी, तुमी! कशा आलात?"

"येष्टीनं," ती म्हणाली. "दीपेशला ठावं नाय." आणि भिंतीकडे बघून विचारलं, "गनू कुठं हाय?"

दीप्तीनं मागच्या खोलीतून फलक आणला आणि खुर्चीवर उभा केला. जनीनं फोटो बघितला. बघता बघता तिनं पदराच्या टोकानं काच पुसली, जरी ती स्वच्छ होती. मग ती बाकावर बसली आणि जयरामला म्हणाली, "आता सांगा. पयल्यापासून. जे पाह्यलं तेवढंच. तुमाला वाटलं ते नको."

तो सांगू लागला. ती मधे मधे अडवायची. नाडी कंच्या पायाची? उजव्या. डोळे उघडे होते? होते. अंगावर पांघरूण होतं? माहीत नाय. थंडी होती? लय. टरक कंच्या बाजूला गेला? भट्टीच्या मागं वळला, पुढचं दिसलं नाय. माझं नाव घेतलं?

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. तो शब्द ओठांपर्यंत आलासुद्धा.

"नाय," तो म्हणाला. "मी ऐकलं नाय."

जनीनं मान हलवली. "दीपेश लहान होता तवा दोन मानसं घरी आली होती. परत न आलेल्यांची नावं लिहीत हिंडत होती. आमचा गनू बेपत्ता म्हनून त्यान्ला कुठनं तरी कळलं होतं. मी सांगितलं, आमचा गेला, त्याच्याजवळ मानूस होता. त्यान्नी नाव खोडलं. माझ्या डोळ्यांदेखत खोडलं, भाऊ. मीच खोडायला लावलं." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "पाच दिस मी त्येच बघतेय."

जयराम खाली बसला. तो रडू लागला तशी दीप्ती पुढं झाली, पण जनीनं तिला हातानं थांबवलं.

"रडू दे त्यान्ला. मी काय माफ करायला आले नाय," ती म्हणाली. "अनंता मानूस चांगला होता. त्याच्याशी संसार केला त्याचं मला वाईट नाय वाटत, आन त्याची लाज बी धरनार नाय. दीपेशलाबी तेच सांगनार हाय. पन गनूला कोनी शोधलं नाय. मी शोधू शकत होते, मला शोधू दिलं नाय. हे तुमी लिवून द्यायचं. जसं ते लिवून दिलं तसंच. कचेरीत जाऊन."

"देतो," जयराम म्हणाला.

"उद्याच."

"उद्याच देतो."

त्या रात्री जनी दीप्तीबरोबर टोकावड्यालाच राहिली. शालननं तिला भाकरी वाढली. दीपेशला फोन केला तेव्हा तो आधी ओरडला, मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

शुक्रवारी मुरबाडला जयरामनं नवं प्रतिज्ञापत्र केलं. टायपिस्टनं मजकूर वाचला आणि मान वर करून विचारलं, "बाबा, आधीचं खोटं होतं असं लिहिताय. अडचणीत याल. विचार केलाय ना?" त्यानं बाहेर बाकावर बसलेल्या जनीकडे बघितलं आणि सही केली.

रविवारी संग्रहालयात माणसं मावत नव्हती. फीत कापायला जनी तयार झाली नाही. सिंगापूरला पकडलेल्या एका जवानाच्या नातीनं, निशिगंधानं, ती कापली. जयराम बोलायला उभा राहिला. त्यानं भाषण केलं नाही. गणूच्या नव्या फलकाजवळ जाऊन त्याच्यावरचा मजकूर वाचला. पाच डिसेंबरला जखमी अवस्थेत कैद. ट्रकमध्ये चढवताना जिवंत. त्यानंतर काय झालं ते माहीत नाही. मग म्हणाला, "ते मेले असं मी लिहून दिलं होतं. ते खोटं होतं. त्याच्यामुळे त्यांचा शोध झाला नाय."

पुढच्या रांगेतले माजी हवालदार उठून बाहेर गेले. मागून कोणीतरी म्हणालं, मग बाकीचं तरी खरं कशावरून? दीप्तीनं ते ऐकलं आणि तिचे कान तापले. पण हा प्रश्न लोक विचारणार हे तिला आता कायमचं धरून चालायचं होतं. दीपेश दाराशी उभा होता. तो आला होता, कोणाशी बोलला नव्हता. आईला घेऊन तो लगेच निघाला. जाताना फलकासमोर क्षणभर थबकला आणि त्यानं पायातली चप्पल काढली.

नव्या प्रतिज्ञापत्राची प्रत जोडून दीप्तीनं जनीच्या अंगठ्यानिशी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवला. शिपाई गणू निमसे यांचं नाव बेपत्ता युद्धकैद्यांत धरावं. जानेवारीत दोन ओळींचं उत्तर आलं. अर्ज मिळाला, पुढे पाठवला आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी दीपेशचा फोन आला, थेट जयरामला. "आई सकाळी उठली की दाराबाहेर खुर्ची टाकून बसते," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, धास्ती होती. "रस्त्याकडं तोंड करून. जेवायला बोलावलं तर म्हनते, थांब. मी काय करू?"

"तेवढ्या जखमेतनं वाचला असला तरी आता तो..." जयराम बोलता बोलता थांबला. आपल्याला काय वाटतं ते सांगायचं नाही, हे त्याला आठवलं. "मी येतो," तो म्हणाला.

दुपारी तो पोचला तेव्हा जनी तशीच बसलेली होती. रस्त्यानं मागच्या इमारतींकडे रिक्षा जात-येत होत्या. तिनं त्याला बघितलं, पण उठली नाही.

"बसू का वहिनी?"

"बसा. पन मी बोलनार नाय तुमच्यासंगं."

"चालंल."

दीपेशनं आतून दुसरी खुर्ची आणून ठेवली. जयराम तिच्या शेजारी बसला आणि तोही रस्त्याकडे बघू लागला. एक रिक्षा थांबली, तशी जनी पुढं झुकली. रिक्षातून कॉलेजातली दोन पोरं उतरली आणि इमारतीत गेली. ती मागं टेकली. तोपर्यंत जयरामही पुढं झुकलेला होता.

चार वाजता तिनं न बघता विचारलं, "जेवलात का?"

"नाय."

"दीपेश," तिनं हाक मारली, "दोन ताटं इथंच आन."